कशावरून

फादर बावतीस, तुमचा कागद पोचला.
एकच प्रश्न, खाली अर्धं पान कोरं:
तुला पाचारण आहे, हे कशावरून वाटतं?
मी तो घडी करून हेल्मेटच्या पट्ट्यात खोचला
आणि तीन आठवडे घामात भिजवला.

इथं सोहारला समुद्राचं पाणी गोडं करतात.
मी रात्रपाळीला. दर तासाला नळ उघडून
ग्लासभर धरायचं, यंत्राची काडी बुडवायची,
मीठ किती उरलं ते वहीत लिहायचं.
पंपांच्या घरघरीत नमो मरिया
मोठ्याने म्हटली तरी मलाच ऐकू येत नाही.
माळ खोलीवर. हातमोज्यातून बोटांची पेरं मोजतो.
चौथ्या रहस्यापाशी डोळा लागतो, रोज तिथंच.
हे लिहायचं का?

गिरीजला संध्याकाळची घंटा झाली
की बाबा विहिरीवरचा पंप बंद करत,
पानवेलीच्या वाफ्यात उभ्या उभ्या टोपी काढत.
देवाला ऐकू जातंच रे, म्हणत,
पंप आपल्यासाठी बंद करायचा.
इथले पंप बंद करता येत नाहीत.

शुक्रवारी बस देवळाच्या फाटकापर्यंत नेते.
माझ्या पाळीला मल्याळम मिस्सा तेवढी जुळते.
शब्द कळत नाही एक. गुडघे कधी टेकायचे ते कळतं,
आणि पुढच्या बाकावरचा वेल्डर
ख्रिस्तप्रसादाला हात पुढे करतो
तेव्हा त्याच्या तळव्यावरचे भाजल्याचे डाग दिसतात.
मी तेच बघत राहतो. भाकरीकडे उशिरा लक्ष जातं.

लविनाने फोनवर विचारलं, मग मी थांबू की नको?
म्हटलं, प्रार्थना करतोय.
ती म्हणाली, मीपण करतेय.
दोघांना दोन उत्तरं आली तर?
तुम्ही तिला काय सांगितलं असतं?
आयचं सोपं आहे: स्लॅब पडू दे आधी,
मग हो काय व्हायचं ते.

जुलैत टेकनाथ पाइपांच्या सावलीत बसला
तो उठलाच नाही.
फोरमन मला म्हणाला, तू देवाधर्माचा, तू थांब त्याच्याजवळ.
गाडी यायला चाळीस मिनिटं.
त्याच्या देवाची प्रार्थना मला येत नव्हती,
माझ्या देवाची त्याच्यावर म्हणावी का, ठरेना.
मी त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या.
आत वाळू होती. झटकली.
मग दुसरा बूट.
चाळीस मिनिटांत एवढंच झालं माझ्या हातून.

खोलीवर आलो तेव्हा याकूबची नमाज आटोपली होती,
तो चटई गुंडाळत होता.
माझ्याकडे बघून त्याने ती पुन्हा पसरली.
बस, म्हणाला, आणि चहा टाकायला गेला.
मी बसलो. काहीच म्हटलं नाही.
डोळा मात्र लागला नाही, फादर.

मला वाटायचं, आधी सगळं गाळून घ्यावं,
राग, लविना, स्लॅबचे हप्ते,
आणि नितळ होऊन तुमच्या दारात उभं राहावं.
पण आमचा म्हातारा केमिस्ट सईद सांगतो,
पाणी फार निर्मळ झालं की पाइप खायला लागतं,
लोखंड सोडत नाही, सिमेंट सोडत नाही.
म्हणून शेवटच्या टाकीआधी
ते चुनखडीच्या खड्यांतून फिरवतात,
थोडा क्षार त्याला परत देतात,
मगच गावाकडे पाठवतात.

अर्धं पान भरलं नाही.
नावाखाली जागा आहे, तिथं सही केलीय,
तारखेची जागा तुम्ही भरा.
मागच्या बाजूला चुकून रीडिंग उतरलंय,
खोडलं नाही:

वेळ तीन. क्षार आहे.
पाणी सोडलं.